ला प्लाताचा बँड आणि उदगीरची बारा बाय दहाची खोली

मागच्या अंकात अर्जेंटिनातल्या ‘एल मातो आ उन पोलिसिया मोतोरिसादो’ या बँडवर लेख होता. ला प्लाता या विद्यापीठाच्या शहरात २००३ साली सुरू झालेला आणि बड्या कंपनीच्या दावणीला न बांधता वाढलेला हा रॉक बँड. त्यावर आलेल्या पत्रांत बँडच्या माणसांबद्दल थोडं आणि ‘गाणं बनतं कसं, आमच्या खोलीत बनेल का’ याबद्दल जास्त विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

कंपनी पाठीशी नाही, तर स्टुडिओ, गाडीभाडं, पोस्टर यांचा पैसा येतो कुठून? की घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या?
*– एक निवृत्त शिक्षक, नांदेड*

सर, सुरुवातीची काही वर्षं भाकऱ्याच असतात. पण हिशेब समजून घ्या. कंपनी जो आगाऊ पैसा देते तो बक्षीस नसतो, उचल असते. विक्रीतून तो आधी वळता होतो, मग बँडच्या हातावर काही पडतं, आणि ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच राहते. स्वतंत्र बँड उचल घेत नाही. खर्च आपला, मास्टर म्हणजे मूळ मुद्रणही आपलं.

अर्जेंटिनात ही वाट जुनी आहे. १९७६ साली तिथं लष्करी राजवट आली. त्याच सुमारास बुएनोस आयरेसजवळच्या विया आदेलिनात विताले कुटुंबाभोवती ‘मिया’ नावाचा स्वतंत्र संगीतकारांचा गट उभा राहिला. मैफिली आणि रेकॉर्डी, दोन्हींची व्यवस्था त्यांनी स्वतःच पाहिली. ला प्लाताचाच ‘पात्रिसिओ रे इ सुस रेदोंदितोस दे रिकोता’ हा बँडही याच काळातला. त्यांची पहिली रेकॉर्ड १९८५ ची आणि शेवटचा कार्यक्रम २००१ मध्ये कोर्दोबात. मधल्या काळात त्यांनी स्टेडियमं भरवली, पण व्यवहार घरातच ठेवला. व्यवस्थापन ‘ला नेग्रा पोली’ या एकाच बाईंच्या हाती, आणि मुखपृष्ठांची ओळख घडवली ती रोकाम्बोले या ला प्लाताच्याच चित्रकारानं.

‘एल मातो’नं तीच रीत उचलली. लेबल, म्हणजे रेकॉर्डी काढणारी छोटी कंपनी, मित्रमंडळींचं, नाव ‘लाप्त्रा’. गायक आणि बेसवादक सांतियागो स्वतः चित्रं काढतो, म्हणजे मुखपृष्ठाचा खर्च वाचला. २००४ ला पहिली मोठी रेकॉर्ड आली. त्यानंतर २००५, २००६ आणि २००८ मध्ये जन्म, जगणं आणि मरण या सूत्रावर तीन छोट्या रेकॉर्डी निघाल्या. आमच्या मते या छोट्या रेकॉर्डी हाच त्यांचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. थोडी गाणी कमी पैशात नीट होतात, आणि प्रत्येक वेळी गावोगाव वाजवायला निमित्त मिळतं. २०१७ ची रेकॉर्ड करायला ते टेक्सासच्या ‘सॉनिक रँच’ स्टुडिओत गेले. पण ते चौदा वर्षांनी, हे विसरू नका.

आधाराला संस्थाही आहेत. २००१ पासून स्वतंत्र संगीतकारांची संघटना आहे, आणि २०१२ च्या २६८०१ क्रमांकाच्या कायद्यानं राष्ट्रीय संगीत संस्था स्थापन झाली. त्रास मात्र महागाईचा. २०२३ मध्ये तिथं वर्षाची महागाई २११.४ टक्के होती. अशा ठिकाणी तीन महिने आधी तिकिटं विकली, तर कार्यक्रमाच्या दिवशी त्या पैशात ध्वनिक्षेपकाचं भाडंही निघेल याची खात्री नसते.

त्यांच्या गाण्यात कॉर्ड तीन-चार आणि शब्दांच्या ओळीही मोजक्याच. तरी कंटाळा येत नाही. आम्ही तसं करायला गेलो तर दुसऱ्या मिनिटालाच ‘बास करा’ म्हणतात. काय चुकतं?
*– चौघे मित्र, परभणी*

चुकतं एवढंच, की तुम्ही पहिल्या सेकंदाला सगळेच्या सगळे वाजायला लागता. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सूर, कमी असतात तेव्हा गाणं पुढं सरकतं ते थरांवर. कोण कधी आत येतो, कोण कधी गप्प बसतो, यावर.

कागद घ्या. लय मिनिटाला १३२ ठोके धरली, तर चार ठोक्यांचा एक बार या हिशेबानं चार मिनिटांत १३२ बार बसतात. आठ-आठ बारांचे सोळा चौकोन आखा, उरलेले चार बार शेवटच्या झंकाराला ठेवा. एक चौकोन साधारण साडेचौदा सेकंदांचा. आता वाद्यांची नावं बाजूला लिहा आणि कुठल्या चौकोनात कोण आहे याच्या खुणा करा. नियम एकच: प्रत्येक चौकोनात एक गोष्ट बदलली पाहिजे, दोन नाही.

उदाहरणादाखल मांडणी देतो. पहिल्या चौकोनात फक्त बेस, दर बारला आठ सारखे ठोके, सगळे पिकनं खालच्या दिशेनंच. दुसऱ्यात ड्रम, पण झांज नाही, फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा मोठा ड्रम) आणि किक (पायानं वाजवायचा ड्रम) एवढंच. तिसऱ्यात पहिली गिटार, दोन सुरांच्या कॉर्ड, तळहात तारांवर टेकवून. चौथ्यात आवाज. गायकानं इथं ओरडायचं नाही, बोलल्यासारखं खालच्या पट्टीत गायचं. सहाव्यात दुसरी गिटार येते, पण तीच कॉर्ड वाजवत नाही. वरच्या सप्तकातले दोन-तीन सूर एकेक करून सोडते. कीबोर्डवाला असेल तर त्यानं एकच सूर धरून ठेवावा, असा की जो सगळ्या कॉर्डमध्ये खपतो. मग दहाव्या चौकोनात गिटारी एकदम काढून घ्या, नुसता बेस आणि आवाज ठेवा. अकराव्यात सगळे, झांजेसकट. तीच ओळ, तेच सूर, पण आता ती ओळ मोठी वाटते, कारण तिच्या आधी जागा रिकामी झालेली असते.

दुसरी गिटार पहिल्याच पट्ट्यात तीच कॉर्ड वाजवते हा घरोघरी आढळणारा दोष आहे. त्यानं आवाज दुप्पट होत नाही, चिखल होतो. आणि फज पेडलवर (आवाज फाडणारं पायाचं यंत्र) गेन, म्हणजे फाडण्याचा जोर, अर्ध्याच्या वर गेला की तीन सुरांच्या कॉर्डमधला मधला सूर घरघरायला लागतो. म्हणून दोनच सूर धरायचे, षड्ज आणि पंचम.

तालमीत प्रत्येक वेळी मोबाइलवर मुद्रण करा, पण मोबाइल दाराबाहेर ठेवा. आत ठेवला तर त्याचा माइक दबून जातो आणि सगळं फाटकंच ऐकू येतं. ऐकायचं दुसऱ्या दिवशी. त्याच रात्री ऐकलं तर आपलाच भाग कानात वाजत असतो.

आमची तालमीची खोली १२ बाय १०, वर १० फुटांवर स्लॅब. दार एकच, खिडकी विटांनी बुजवलेली, चार अँप्लिफायर एकाच बोर्डावर. बेसची ए तार मोकळी वाजवली की खोली लई घुमती, बाकीच्या सुरांना एवढं होत नाही. भिंतींना अंड्याचे ट्रे लावावेत का फोम?
*– एक बेसवादक, उदगीर*

दोन्ही नकोत. कारण सांगतो.

दोन समांतर भिंतींमध्ये एक ठरावीक सूर अडकतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. तो अंतराच्या दुपटीनं भागला की त्या सुराची कंपनसंख्या मिळते. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून ५६ हर्ट्झ. मे महिन्याच्या दुपारी हवा ४० अंशांची असेल तर वेग वाढतो आणि आकडा ५८ च्या आसपास जातो. आता बेसची मोकळी ए तार किती? ५५ हर्ट्झ. वर तुमची रुंदी १० आणि उंचीही १०, म्हणजे तोच सूर दोन बाजूंनी अडकतोय. १२ फुटांची बाजू ४७ च्या आसपास घुमते, पण ती एकटी आहे. घुमणारा सूर तुमच्या बेसमध्ये नाही, खोलीच्या मापात आहे.

अंड्याच्या ट्रेनं, फोमनं किंवा गोधडीनं ५६ हर्ट्झला काहीही फरक पडत नाही. त्या सुराची लांबी सहा मीटर. ती सच्छिद्र मालात मुरवायची तर लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे पाच फूट जाडी लागेल. गोधड्या जरूर टांगा, पण झांजेचा करकरीतपणा कमी करायला. बेससाठी हे करा:

आधी अँप्लिफायर कोपऱ्यातून काढा. कोपऱ्यात सगळ्या बाजूंचे घुमे एकदम जागे होतात. बारा फूट लांबीच्या भिंतीपासून साधारण चार फुटांवर आणि जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, पक्क्या बाजेवर किंवा टेबलावर ठेवा. मग इक्वलायझरवर ५५ हर्ट्झच्या आसपास चिंचोळा पट्टा धरून ४ ते ६ डेसिबल कमी करा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय: गाण्याची पट्टी बदला. पांढरी सहामध्ये बसवलेलं गाणं पांढरी एकमध्ये घ्या. ए तेव्हाही येईल, पण ठाण मांडून बसणार नाही. घुमा खरा किती आहे हे खोलीच्या बरोबर मध्ये उभं राहून ठरवू नका, तिथं तो सूर गायबच होतो. भिंतीला डोकं टेकवून ऐका.

पैसे खर्च करायचेच असतील तर रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) पाट्या घ्या. कारखान्यातल्या पाइपांना आणि भट्ट्यांना लावतात त्याच, घनमीटरला ४८ किलोच्या आसपास. दोन इंची दोन थर लाकडी चौकटीत बसवा, वर सुती कापड ताणा आणि भिंतीपासून चार इंच पोकळी सोडून चारही कोपऱ्यांत उभ्या करा. कापताना तोंडाला फडकं आणि हातमोजे हवेत. याचा उपयोग साधारण १०० हर्ट्झच्या वर जाणवायला लागतो.

फोम का नको, याचं उत्तर अर्जेंटिनातच आहे. ३० डिसेंबर २००४ च्या रात्री बुएनोस आयरेसच्या ‘रेपुब्लिका क्रोमान्यॉन’ या सभागृहात रॉक कार्यक्रम सुरू असताना कुणीतरी फटाका पेटवला. छताला प्लॅस्टिकची जाळी आणि आवाज शोषायला पॉलियुरेथेनचा फोम होता. तो जळाला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतं. आपत्कालीन दाराला कुलूप होतं. १९४ माणसं गेली, बहुतेक भाजून नव्हे, धुरानं. त्यानंतर शहरातली कितीतरी छोटी सभागृहं बंद झाली आणि स्वतंत्र बँडांना वाजवायला जागा उरली नाही. तुमच्या खोलीला एकच दार, खिडकी विटांनी बुजवलेली, एका बोर्डावर चार अँप्लिफायर. तिथं भिंतभर स्वस्त फोम चिकटवू नका. दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं करून घ्या.

आमच्याकडं दोनच माइक घेणारं साउंड कार्ड आहे. त्यावर ड्रमसकट गाणं होईल?
*– एक वाचक, बीड*

होईल, एकामागून एक घेतलं तर. आधी मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र) एका गिटारचं कच्चं मुद्रण करून ठेवा, ते ड्रमवाल्याच्या हेडफोनमध्ये जाईल. ते शेवटी टाकून द्यायचं आहे. मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा, १२८ नमुन्यांचा. जास्त ठेवला तर वाजवणाऱ्याला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि लय मागं पडते. पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. तांबडा दिवा लागेपर्यंत चढवायची सवय कॅसेटच्या काळातली, ती सोडा.

ड्रमला एक माइक किकपुढं आणि एक वर. वरचा स्नेअरच्या (मांडीपुढचा चरचरणारा ड्रम) मधोमध धरून साधारण एक मीटर उंच, वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून खाली बघणारा. आवाज एका मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून किक दोन्ही माइकांत वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि कधी कधी एकमेकांना खातो. एका ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलाटेची वर-खाली दिशा, उलटी करून बघा. दोन्हींपैकी ज्यात किक जाड वाटेल ते ठेवा. ही तपासणी मुद्रणाआधी करायची, नंतर नव्हे.

बेस सरळ कार्डात. गिटारचा माइक अँप्लिफायरच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवा, स्पीकरच्या शंकूच्या मध्यापासून थोडा कडेला सरकवला की टोचणारा आवाज निवतो. गिटार दोनदा वाजवा, एक डावीकडं, एक उजवीकडं. एकदाच वाजवून ट्रॅक कॉपी केला तर नुसता मोठा होतो, रुंद होत नाही. दोनदा वाजवताना गेन तालमीपेक्षा कमी ठेवा. गायकाचं तोंड माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर. कूलर आणि पंखा बंद. अंगाला घाम आला तरी बंद.

शेवटी मिश्रण एकदा मोबाइलच्या एकाच स्पीकरवर ऐका. तिथं गिटारी गायब झाल्या तर पोलॅरिटीत गडबड आहे. गाणी ऐकवणाऱ्या ऑनलाइन मंचांवर चढवताना उणे १४ लफ्स (सरासरी जोराचं माप) आणि शिखर उणे १ डेसिबल धरलं तरी पुरे. त्याच्यापेक्षा जोरात नेलं तर बहुतेक मंच स्वतःच आवाज खाली आणतात, आणि ड्रमचा ठोसा तेवढा जातो.

रेकॉर्डिंगमध्ये सतत घूं असा आवाज. गिटारच्या तारांना हात लावला की कमी होतो. *– जालना*

लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर वीजपुरवठ्याचा घोळ. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर तो घूं नाही, चरचर देतो. त्यावर मुद्रण करू नका. मग इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, जास्त असेल तर अर्थिंगचा खड्डा सुकलाय, पाणी आणि मीठ-कोळसा घालायला हवा. अर्थची पिन कापून आवाज घालवायचा उद्योग कुणी शिकवला असेल तर ऐकू नका. एका हातात गिटार आणि ओठ माइकला, हा शॉक जीव घेतो.

रॉक गाण्यात संबळ आणि हलगी घ्यायची आहे. अर्जेंटिनात असं कुणी केलंय का?
*– गोंधळी घराण्यातला एक वाचक, तुळजापूर*

सर्रास. तिथं सांतियागो देल एस्तेरो भागातला बोंबो लेग्वेरो नावाचा ढोल आहे, सेइबो या झाडाचं खोड कोरून केलेला, दोन्ही तोंडांना केसाळ चामडं. चाकारेरा या नाचाच्या तालात तो तीनची आणि दोनची विभागणी एकावर एक चढवतो. शिवाय बुएनोस आयरेसच्या कार्निव्हलमधल्या ‘मुर्गा’ नावाच्या नाच-गाण्याच्या मंडळींचा झांज बसवलेला मोठा ढोल. रॉकवाल्यांनी दोन्ही उचलले.

तुमच्या बाबतीत दोन अडचणी येतील. पहिली म्हणजे संबळाचं मोठं तोंड आणि किक ड्रम एकाच पट्ट्यात बसतात. दोन्ही ठेवले तर दोन्ही मरतात. संबळ वाजतो तिथं किक काढा, बेसही विरळ करा. माइक दोन, प्रत्येक तोंडापासून २५-३० सेंटिमीटर वर. जवळ आणला तर नुसती काडीची टकटक येते, तोंडाची घुमक येत नाही. हलगीला एकच माइक पुरे, पण एक मीटर लांब. हलगी प्रत्येक टेकच्या आधी शेकून घ्या आणि मोबाइलच्या ट्यूनरवर तिचा सूर टिपून ठेवा. चामडं निवत जाईल तसा सूर उतरतो, आणि मग पहिल्या टेकचा तुकडा पाचव्याला जोडता येत नाही. शेकोटी अंगणात, खोलीत नव्हे.

दुसरी अडचण मेट्रोनोम. गोंधळाची लय चढत जाते, त्यातच त्याचा जीव. एकाच ठोक्याला बांधलात तर बँडबाजा होईल. आधी संबळ एकटा, मोकळा मुद्रित करा. मग संगणकावर दर चार बारांना लय किती झाली ते नोंदवून मेट्रोनोमला त्याच्या मागं चालवा. गिटारवाले या लयीवर वाजवतील. उलट करायला जाऊ नका.

उन्हाळ्यात गिटारची मान वाकते. *– लातूर*

आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी हवेत ओल जवळजवळ नसते, लाकडाला मात्र ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज घालून तो केसमध्ये ठेवा आणि केस बंद ठेवा. मानेतली सळई एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि मग एक दिवस थांबा. पाऊस लागला की पुन्हा बघावं लागेल. कूलरसमोर वाद्य ठेवणं हा उपाय नव्हे.

‘एल मातो’च्या एका गाण्यावर मराठी शब्द बसवून यूट्यूबवर टाकलं तर चालेल का? पैसे कमवायचे नाहीत.
*– महाविद्यालयीन बँड, छत्रपती संभाजीनगर*

परवानगीशिवाय नाही. पैसे कमवायचे नाहीत, यानं फरक पडत नाही. भारत १९२८ पासून आणि अर्जेंटिना १९६७ पासून कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचे सदस्य आहेत, म्हणून त्यांच्या गाण्याला इथं आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे. भाषांतर आणि रूपांतर करण्याचा हक्क रचनाकाराचा. नवे शब्द बसवणं यातच येतं. चाल तुम्ही स्वतः वाजवली तरी रचना त्यांचीच.

परवानगी मागणं अवघड नाही. अर्जेंटिनात गीतकार-संगीतकारांचं काम ‘सादाइक’ ही १९३६ पासूनची संस्था बघते, पण छोट्या बँडच्या बाबतीत आधी लेबललाच लिहावं. पत्र स्पॅनिशमध्ये, अर्ध्या पानाचं. कुठलं गाणं, मराठी शब्द आणि त्यांचा ओळीओळीनं स्पॅनिश अर्थ, कुठं प्रसिद्ध करणार, जाहिराती सुरू ठेवणार की बंद, आणि श्रेयाची ओळ जशी छापणार तशीच. सोबत साध्या गिटारवरचं कच्चं मुद्रण जोडा, पण दुवा खासगी ठेवा. उत्तर आलं नाही तर ते होकार समजू नका.

याच पत्रात तुम्ही पुढं विचारलंय की स्वतःच्या गाण्याचं श्रेय चौघांत कसं वाटायचं. मिश्रणाला बसण्याआधी एका कागदावर शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, मास्टरमध्ये प्रत्येकाचा वाटा किती हे लिहून चौघांनी सह्या करा. रचना आणि मुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत, रकानेही वेगळे ठेवा. प्रत्येक मुद्रणाला त्याची ओळख पटवणारा, बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो, तो वितरक देतो. त्याच गाण्याचं नवं मुद्रण केलंत तर क्रमांकही नवा घ्यायचा.